विनिपेगहून आलेला व्हॉल्व्ह

सिंगापुरात थंडीने नळ गोठत नाहीत. हे वाक्य गेल्या डिसेंबरमध्ये मी कुणाला तरी वेळेवर ऐकवायला हवं होतं. ऐकवलं नाही, कारण समोर माझे साडू होते आणि ते थोरले होते.

ज्यांना साडू आहे त्यांना साडू म्हणजे काय हे सांगायला नको. सख्ख्या भावाशी भांडता येतं, मित्राला शिव्या घालता येतात, शेजाऱ्याशी बोलणं टाकता येतं. साडूशी यातलं काहीही करता येत नाही. त्याच्याशी फक्त आदराने वागावं लागतं, आणि तेही सासूबाई बघत असताना जरा जास्तच. दोघे एकाच परीक्षेला बसलेले असतात, पेपर तपासणारी बाई एकच असते आणि निकाल कधीच जाहीर होत नाही. (वैशालीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या मते तो केव्हाच जाहीर झालाय, मीच बघायला गेलेलो नाही.)

माझे साडू मिलिंदराव कॅनडात, विनिपेगला असतात. त्यांचा धंदा मला समजायला लग्नानंतर पाच वर्षं लागली. शहराच्या पाइपातलं पाणी घरात येतं, हे आपल्याला माहीत असतं. पण शहराच्या पाइपातला दाब एकाएकी पडला, तर घरातलं पाणीही उलटं शहराच्या पाइपात ओढलं जाऊ शकतं. मग आपल्या बादलीतलं पाणी शेजाऱ्याच्या चहात! विनिपेगला थंडीने जमिनीखालचे पाइप तडकतात, दाब पडतो, आणि हा प्रकार होऊ शकतो. म्हणून तिथल्या मोठ्या इमारतींना पाणी फक्त आत सोडणारा, मागे जाऊ न देणारा बॅकफ्लो व्हॉल्व्ह बसवतात, आणि तो नीट चालतोय ना हे बघायला दरवर्षी परवाना असलेला माणूस येतो. तो माणूस म्हणजे मिलिंदराव. त्यांच्याकडे एक पिवळी पेटी आहे. तिच्यात एक गेज आणि तीन रंगीत नळ्या असतात. ते कुठेही गेले तरी पेटी बरोबर असते.

मी स्वतः वीस वर्षं जहाजांवर इंजिनियर होतो, त्यातली शेवटची काही चीफ. आता किनाऱ्यावरच्या ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या जहाजांना ईमेल पाठवतो. सासूबाई ओळख करून देतात तेव्हा म्हणतात, "थोरले जावई पाण्याचे डॉक्टर आहेत. आणि हे सुधीरराव. हे बोटीवर होते."

होते!

तर गेल्या डिसेंबरात पुण्याला पुतण्याचं लग्न म्हणून मिलिंदराव निघाले आणि वाटेत आठवडाभर आमच्याकडे उतरायचं ठरलं. मेहुणीला रजा नव्हती, ते एकटेच येणार होते. सासूबाई नाशिकहून आधीच येऊन राहिल्या होत्या. आणि नेमका तोच आठवडा आमच्या घराच्या भवितव्याचा होता.

आम्ही सेंगकांगला अकराव्या मजल्यावर भाड्याने राहतो. घरमालकीण लिम आंटी आमच्या बरोबर खाली, दहाव्या मजल्यावर, बहिणीच्या फ्लॅटमध्ये राहते. आमचा करार जानेवारीत संपत होता. तो पुढे वाढवायचा की नाही हे आंटी शनिवारी अकरा वाजता घर पाहून ठरवणार होती, कारण तिच्या भाच्याचं लग्न ठरलं होतं आणि त्यालाही हाच फ्लॅट हवा होता. भाच्याचं ती फार कौतुक करायची. "व्हेरी हँडी बॉय. एव्हरीथिंग ऑल्सो कॅन रिपेअर." त्यावर मी म्हणायचो, मीसुद्धा करतो. त्यावर आंटी विषय बदलायची.

रेवाची, म्हणजे आमच्या नऊ वर्षांच्या लेकीची शाळा रस्त्याच्या पलीकडे. वैशालीचं ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला, वन-नॉर्थला, पण खाली उतरलं की एलआरटीची छोटी ट्रेन, त्यामुळे तिचं सगळं घड्याळावर बसलेलं. हे घर गेलं असतं तर सगळीच घडी विस्कटली असती. वैशालीने सोमवारीच मला समोर बसवून सांगितलं.

"शनिवारपर्यंत या घरात काही पडता कामा नये, काही सांडता कामा नये आणि तुम्ही काहीही दुरुस्त करता कामा नये."

"मी कधी काय केलं?"

"हेच शनिवारपर्यंत म्हणता आलं पाहिजे."

बुधवारी मिलिंदराव आले. बॅग उघडली. वैशालीला मेपल सिरप, रेवाला कानावरून ओढायची लोकरी टोपी, सासूबाईंना उणे चाळीसपर्यंत चालणारे मोजे. (सासूबाईंनी ते तिथल्या तिथे पायात घातले आणि पंख्याखाली जाऊन बसल्या.) मग त्यांनी दोन्ही हातांनी एक पितळी वस्तू काढली आणि तान्हं मूल द्यावं तशी माझ्या हातात दिली. वजनही साधारण तेवढंच होतं.

"सुधीरराव, तुम्हाला शर्टबिर्ट काय द्यायचा? तुम्ही आमच्याच लाइनीतले. हा बॅकफ्लोचा व्हॉल्व्ह. उत्तम कंपनीचा. आणि हे पाइपवर चढवायचं फोमचं आवरण. पाइप गोठायला नको."

या ठिकाणी मी ते वाक्य म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "वा!"

"कशाला एवढा त्रास घेतलात?" हेही म्हणालो.

"त्रास कसला! अगदीच तुमच्या उपयोगाचं नसेल तर राहू द्या."

"छे छे! असं कसं!"

माझ्या मनात होतं की व्हॉल्व्ह कपाटात ठेवू, फोमचं रेवा शाळेच्या प्रोजेक्टसाठी काहीतरी करील, आणि संबंध आहेत तसेच गोड राहतील. पण गुरुवारी सकाळी मिलिंदराव बाथरूममध्ये गेले आणि आंघोळ न करताच बाहेर आले.

"सुधीरराव, तुमच्या कमोडशेजारचा जेट बादलीत पडलाय."

"हो, तो हुकावर राहत नाही."

"पाण्यात बुडालाय."

"हो."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतात तसं मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "उद्या मेनमधला दाब पडला तर ही बादली तुमच्या स्वयंपाकघरात येईल."

सासूबाईंनी ऐकलं. सासूबाईंना टीव्हीचा आवाज ऐकू येत नाही, पण हे ऐकू आलं.

"म्हणजे संडासातलं पाणी नळाला?"

"शक्यता आहे, आई. तुम्हाला दाखवतोच."

मग आमच्या घरात प्रयोग झाला. बादली वॉशबेसिनवर ठेवली. मिलिंदरावांनी सासूबाईंकडून मूठभर हळद घेऊन तिच्यात कालवली, जेट बुडवला आणि त्याची कळ दाबून धरायला रेवाला उभं केलं. मी मेन कॉक बंद केला. मग सर्व्हिस यार्डात, म्हणजे स्वयंपाकघरामागच्या धुण्याच्या जागेत, वॉशिंग मशीनसाठी जमिनीलगत एक नळ आहे, तो सोडला. आधी स्वच्छ पाणी आलं. मग फिकट पिवळं. मग बघता बघता लग्नघरासारखं पिवळंधमक!

"अगंबाई!" सासूबाई मटकन खाली बसल्या. "इतके दिवस आपण हे पीत होतो?"

"आई, हळद आत्ता भाऊजींनीच घातली," वैशाली म्हणाली.

"ते मला नको सांगूस. आलं ना नळातून?"

त्या क्षणापासून सासूबाईंनी नळाचं पाणी सोडलं. स्वयंपाकालासुद्धा बाटलीचं. मी म्हणालो, आपण जेट हुकाला दोरीने बांधून टाकू, म्हणजे प्रश्नच मिटला. (हा उपाय आजही योग्य आहे. आज तो जेट दोरीनेच बांधलेला आहे.) सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "थोरल्या जावयाने एवढ्या लांबून पितळ वाहून आणलंय, आणि आपण दोरी बांधायची?"

संपलं. जावयाचा मान मध्ये आल्यावर तर्काचं काही चालत नाही.

वैशाली मला सर्व्हिस यार्डात घेऊन गेली. "शनिवार," एवढंच म्हणाली.

"अगं, अर्ध्या तासाचं काम आहे. जहाजावर असे शेकडो व्हॉल्व्ह बसवलेत मी."

"इथे प्लंबरला परवाना लागतो."

"मिलिंदरावांकडे परवाना आहे की!"

तो कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांताचा होता, हे मी तेव्हा सांगत बसलो नाही.

शुक्रवारी मी अर्धी रजा टाकली. मिलिंदराव आणि मी, दोघे जावई, हातात पाने-पक्कड घेऊन, सर्व्हिस यार्डात, एकाच स्टुलासमोर! सासूबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. इतका आदर त्या यार्डाने कधी पाहिला नसेल.

"मिलिंदराव, तुम्ही सुरुवात करा."

"छे, घर तुमचं. तुम्ही करा."

"पण विषय तुमचा."

"पण हात तुमचा बसलेला."

या पद्धतीने पाइप कापायलाच पाऊण तास लागला. मग टेफ्लॉन टेप गुंडाळत असताना माझ्या मनात एक शंका आली. ती इथे प्रामाणिकपणे सांगतो. आमचा गिझर साठवणीचा आहे, बाथरूमच्या फॉल्स सीलिंगच्या वर बसवलेला. पाणी तापलं की फुगतं. आजवर ते फुगलेलं जास्तीचं पाणी गुपचूप मेन पाइपात मागे सरकत होतं. आता आम्ही मागचं दार कायमचं बंद करत होतो. मग ते जाणार कुठे? गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून बाहेर पडणार. आणि पाणी पडून आणखी कुठे जाणार? खालीच!

हे आठवीच्या मुलाला कळतं. मी चीफ इंजिनियर होतो. पण परवानाधारक थोरल्या साडूला, त्यांनी स्वतः आणलेल्या व्हॉल्व्हबद्दल, सासूबाईंच्या देखत आठवीचं शास्त्र शिकवायचं? माझ्या जिभेचं धाडस झालं नाही. शिवाय त्यांनी याचा विचार केला असेलच, असंही वाटलं. मी पाना आवळला.

व्हॉल्व्ह मात्र सुरेख बसला. एक थेंब गळला नाही. मिलिंदरावांनी पेटी उघडून तीन नळ्या जोडल्या, छोटे कॉक सोडले, बंद केले, गेजचा काटा पाहिला आणि "पास!" असं जाहीर केलं. मग एका गुलाबी टॅगवर तारीख, आकडे आणि सही केली. टॅगवर मॅनिटोबा आधीच छापलेलं होतं, त्यामुळे आमचा पत्ता "सेंगकांग, मॅनिटोबा" असा झाला. शेवटी पाइपवर काळं जाड आवरण चढवलं. बाहेर एकतीस अंश होते. आम्हा दोघांच्या नाकांवरून घाम टपकत होता आणि आम्ही पाइपला थंडी वाजू नये म्हणून त्याला गुंडाळत होतो.

सासूबाई नळाचं भांडंभर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "चवच बदलली!"

संध्याकाळी वैशाली ऑफिसातून आली, हातपाय धुवायला गेली आणि तशीच परत आली.

"बाथरूममध्ये वरून पाणी टपकतंय. आणि गरम पाणी पिवळं येतंय."

पिवळ्याचं कारण सरळ होतं. गुरुवारच्या प्रयोगातली उरलेली हळद पाइपांतून फिरत गिझरमध्ये जाऊन बसली होती. "चांगलंच की अंगाला," सासूबाई म्हणाल्या. टपकण्याचं मात्र मला उत्तर द्यावं लागलं.

"घाम आहे तो. पाइपला घाम येतो."

"स्वेटर घातल्यावर येणारच," वैशाली म्हणाली.

शनिवारी सकाळपर्यंत टपकण्याला ताल आला होता. गिझर लावला की टप टप, बंद केला की थोड्या वेळाने शांत. फॉल्स सीलिंगच्या एका पत्र्याला मधोमध पोट आलं होतं आणि त्याच्यावर पापडाएवढा पिवळा डाग उमटला होता. मी आणि मिलिंदराव मान वर करून त्याच्याकडे बघत उभे राहिलो.

मग मिलिंदराव हळूच म्हणाले, "आमच्याकडे अशा ठिकाणी फुगलेल्या पाण्यासाठी एक वेगळी छोटी टाकी लावतात."

मी त्यांच्याकडे वळलो. "तुम्हाला माहीत होतं?"

"माझं रोजचंच काम आहे ते."

"मग काल का नाही बोललात?"

"तुम्ही चीफ इंजिनियर. मला वाटलं तुम्ही विचार केला असेल. तुमच्या घरात, आईंसमोर, तुम्हाला कसं सांगायचं?" लगेच त्यांनीच विचारलं, "तुमच्या नाही आलं लक्षात?"

"आलं होतं. टेप गुंडाळताना."

"मग?"

"तुम्ही थोरले!"

आम्ही दोघे पुन्हा वर बघू लागलो. दोन तज्ज्ञांनी, दोघांनाही बिघाड दिसत असताना, केवळ सभ्यतेपोटी एक ठणठणीत गिझर बिघडवला होता. बोलण्यात दोन शब्दांपुरता आदर कमी असता तर घर वाचलं असतं.

"व्हॉल्व्ह काढूया का?" मिलिंदरावांनी विचारलं.

"तुमची इच्छा असेल तर."

"माझी इच्छा नाही हो. तुम्हाला हवा असेल तर राहू द्या."

"मला हवा म्हणजे, तुम्ही एवढ्या लांबून आणलाय."

"अहो, लांबचं काही नाही त्यात."

"साडेदहा वाजले!" वैशाली बाहेरून ओरडली. "काढायचा नाही, घालायचा नाही, कशाला हात लावायचा नाही! गिझर बंद करा आणि बाहेर या!"

गिझर बंद झाला. ज्यांच्या आंघोळी राहिल्या होत्या त्यांनी गार पाण्याने केल्या. सिंगापूरचं गार पाणी कोमट असतं, पण मिलिंदराव आतून एकदा ओरडलेच. उणे तिशीत राहणारा माणूस गार पाण्याने आंघोळ करत नाही, ही माहिती मला नवीन होती. वैशालीने बाथरूमचा दिवा मालवून दार लोटून ठेवलं आणि उदबत्ती लावली. सासूबाईंनी अळूवड्या तळायला घेतल्या.

बरोबर अकराला बेल वाजली. लिम आंटी. पांढरा ब्लाउज, हातात लांब दांड्याची छत्री. आंटी उन्हातही छत्री घेते आणि घरातही सोडत नाही. तिने हॉल पाहिला, मान हलवली. बेडरूम पाहिली, मान हलवली. वैशालीच्या चेहऱ्यावर रंग परत येऊ लागला. मग आंटी सर्व्हिस यार्डात गेली आणि थांबली. काळ्या आवरणातला जाडजूड पाइप, त्याच्या मधून डोकावणारं पितळ आणि त्यावर लटकणारा गुलाबी टॅग.

"धिस पाइप, व्हाय वेअर जॅकेट?" आंटीने विचारलं. "ही फीलिंग कोल्ड, आह?"

मी तोंड उघडलं, पण रेवा आधी बोलली. "नो लाह, आंटी. इन कॅनडा ही फीलिंग कोल्ड."

आंटीने टॅग वाचला. सेंगकांग, मॅनिटोबा. तिने माझ्याकडे पाहिलं. मग मिलिंदरावांकडे पाहिलं. मिलिंदराव अदबीने हसले.

"टॉयलेट," आंटी म्हणाली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी आम्हा कुणालाच ठाऊक नव्हती. आंटी आत आल्याबरोबर सासूबाईंनी गिझरचा खटका दाबला होता. "पाहुणी आलीय. वड्या खाल्ल्यावर हात धुवायला कोमट पाणी नको?" असं त्यांनी नंतर विचारलं. त्यांच्या पाहुणचारात खोट काढायला जागा नव्हती. गिझर पंधरा मिनिटं मन लावून तापत होता.

आंटीने दिवा लावला. वर पाहिलं. पत्र्याचं पोट आता सातव्या महिन्याचं दिसत होतं.

"व्हॉट इज धिस?"

"घाम," मी मराठीत म्हणालो. घाबरलो की माझं इंग्रजी जातं.

"आंटी, प्लीज डोंट..." वैशाली म्हणेपर्यंत आंटीने छत्रीचं टोक वर नेऊन पत्र्याला एकदा टोचलं होतं.

पत्रा एका बाजूने सुटला. वर रात्रभर साचलेलं सगळं पाणी एकदम खाली आलं. भाजण्यासारखं गरम नव्हतं, आंघोळीला लागतं तसं कोमट होतं, आणि हळदीचं होतं. आंटी डोक्यापासून चपलांपर्यंत पिवळी झाली. छत्री मात्र हातात होती, आणि मिटलेली.

मला आमचा करार, रेवाची शाळा, वैशालीची एलआरटी, सगळं त्या पाण्याबरोबर जाळीतून खाली जाताना स्पष्ट दिसलं. मला फार वाईट वाटलं. चूक माझी होती आणि ती मला चोवीस तास आधीपासून माहीत होती, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

मग गर्दीतून सासूबाई पुढे आल्या. त्यांनी आंटीला आपादमस्तक न्याहाळलं. मोठा टॉवेल तिच्या खांद्यांवर टाकला, तिचा हात धरून तिला हॉलमध्ये आणून खुर्चीवर बसवलं आणि मागे वळून म्हणाल्या, "वैशाली, हळद झालीच आहे. कुंकवाचा करंडा आण."

"आई!"

"आण म्हणते ना! आणि नारळ आण, ब्लाउजपीस आण. बाई घरात आली, हळद लागली, आणि तशीच पाठवायची?" मग रेवाला हळूच विचारलं, "हिचे मिस्टर आहेत ना गं?" (आंटीचे मिस्टर यिशुनला राहतात आणि आंटी इथे. सासूबाईंनी अधिक चौकशी केली नाही.)

आंटीच्या कपाळाला कुंकू लागलं. ओटीत नारळ आणि ब्लाउजपीस पडला. हातात अळूवडीची बशी आली. आंटीने एक वडी खाल्ली. दुसरी खाल्ली. मग बशी बाजूला ठेवून तिने आम्हा पुरुषांकडे पाहिलं.

"हू डू धिस?"

"मी," मी म्हणालो.

"नो, नो. मी," मिलिंदराव एक पाऊल पुढे आले. "माय व्हॉल्व्ह. माय मिस्टेक."

"अहो, पाना माझ्या हातात होता."

"पण सही माझी आहे."

"तुम्ही पाहुणे आहात, तुम्ही कशाला?"

"मी थोरला आहे, मग कुणी?"

वीस वर्षांत पहिल्यांदा मिलिंदराव मला मनापासून आवडले. आम्ही एकमेकांना आदराने मागे ढकलत गुन्हा कबूल करत होतो आणि आंटी टेनिसची मॅच पाहावी तशी मान फिरवत होती. शेवटी तिने हात वर करून आम्हाला गप्प केलं आणि फोन करून तिच्या प्लंबरला बोलावलं.

प्लंबर अंकल सत्तरीचे असावेत. त्यांनी आवरण पाहिलं, टॅग वाचला आणि स्टुलावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग शिडी लावून सीलिंगमध्ये डोकं घातलं आणि त्यांचं हसू थांबलं. वरून ते आंटीशी चिनी भाषेत बराच वेळ बोलले. मला त्यात फक्त "कॅनडा" समजलं. पण आंटीचा चेहरा बदलत गेला.

"व्हॉट ही सेइंग?" मी रेवाला विचारलं. ती शाळेत चिनी शिकत नाही, पण तिला सगळं कळतं.

"बाबा, तो पाइप असतो ना, जो गिझरचं एक्स्ट्रा वॉटर खाली ड्रेनमध्ये नेतो? तो कनेक्टच केला नव्हता. तसाच वर सोडलेला. हू इन्स्टॉल द हीटर, अंकल आस्किंग."

"मग?"

"हर नेफ्यू लाह."

व्हेरी हँडी बॉय! सेफ्टी व्हॉल्व्हने पाणी सोडलं हे आमचं कर्तृत्व. पण ते मुकाट्याने जाळीत न जाता सीलिंगवर साठलं, हे भाच्याचं. आमच्या व्हॉल्व्हने घोळ घातला नसता तर ते आणखी कितीतरी वर्षं कुणाला कळलं नसतं. मिलिंदराव माझ्या कानात म्हणाले, "म्हणजे एका अर्थी आपण टेस्टिंगच केलं." मी त्यांना गप्प बसायला सांगितलं. थोरल्या साडूला मी गप्प बसायला सांगितलं! त्यांनी ऐकलंही.

अंकलनी आमचा व्हॉल्व्ह उतरवला, पाइप होता तसा जोडला, ड्रेनचा पाइप खालपर्यंत नेला, नवा पत्रा लावला. आंटीने खाली जाऊन कपडे बदलले, पण कुंकू पुसलं नाही. वर येऊन ती वैशालीला म्हणाली, "टू मोर इयर्स. माय नेफ्यू कॅन फाइंड अनदर प्लेस." वैशाली तिच्या गळ्यातच पडली. मिलिंदरावांनी व्हॉल्व्ह पुसून बॅगेत ठेवला आणि पुण्यात पुतण्याला लग्नाचा आहेर म्हणून देऊन टाकला. मुलीकडच्या मंडळींना ती समई वाटली म्हणे.

आंटीने फक्त एक अट घातली. घरातली सगळी हत्यारं, पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, तिच्याकडे खाली राहतील. लागतील तेव्हा मागून न्यायची. मी आनंदाने कबूल झालो. त्या वेळी मी काहीही कबूल केलं असतं.

परवा स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार लोंबायला लागलं. दोन स्क्रूंचं काम. मी दहाव्या मजल्यावर गेलो, बेल वाजवली, कारण सांगितलं. आंटीने शांतपणे ऐकून घेतलं, मला दाराबाहेरच उभं केलं आणि वर फोन लावला. दोन मिनिटांनी लिफ्ट उघडून सासूबाई आल्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या, हातात आयुष्यात कधी पाना न धरलेल्या. आंटीने स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात दिला.

दार उत्तम बसलं. टॉर्च मी धरला होता.